हसली म्हणून

काल रात्री पावणेबाराला ती तिच्या खोलीत हसली. फोनवर, कुणाशी तरी. खिदळत, मधे श्वास घ्यायला थांबून परत. आणि मी काय केलं, तर घड्याळ बघितलं.

लगेच हिशोब सुरू, परवा किती झोपली, काल किती, सकाळी बडबड जरा जास्तच होती का, ऑनलाइन काही मागवून ठेवलंय का. किती महिन्यांनी पोरगी अशी हसली आणि आई अंधारात बोटांवर तास मोजतेय. सकाळपासून तेच डोक्यात. बरं वाटायला हवं होतं ना मला?

डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणा लक्ष ठेवा. सलग चार दिवस झोप कमी तरी दमत नाही, बोलणं धावतंय, डोक्यात शंभर प्लॅन, तर ते बायपोलरकडचं, म्हणजे मूड दिवसच्या दिवस चढलेला नाहीतर पडलेला राहतो तो आजार. आणि कुणाच्या एका मेसेजने दुपारी आभाळात आणि संध्याकाळी "तुम्हाला मी नकोच आहे", तर ते वेगळं, पर्सनॅलिटीचं, म्हणजे स्वभावाच्या घडणीतलंच. तासांत बदलतंय की दिवसांत ते बघा. दोन्ही एकत्रही असू शकतं म्हणाले, हे एक बरंय. १७ ची होती तेव्हाच्या मॅडम एवढ्यात त्या पर्सनॅलिटीवाल्याचं नाव नको म्हणाल्या होत्या, अठराच्या आत किमान वर्षभर तरी तेच दिसत राहायला हवं. आता १९ झाली, कागदावर अजून प्रश्नचिन्हच. थायरॉइडमुळेच असतं तर सोपं होतं, तो नॉर्मल आला त्या दिवशी मी रडले होते. नॉर्मल आला म्हणून!

तर वही केलीये. तारीख, झोप, मूड उणे पाच ते अधिक पाच, शेरा. नवीन गोळी २५ मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ५०, पुरळ दिसलं तर लगेच कळवायचं, म्हणून आंघोळ करून आली की मी चोरून तिचे हात बघते. तिला कळतं.

वहीत उणे सगळं व्यवस्थित आहे, ते लिहिताना हात अडत नाही. अधिक आलं की अडतो. अधिक दोन म्हणजे बरी आहे की चढतीये? नुसतं बरं असण्याला रकानाच नाहीये. शून्य आहे, पण शून्याला कोण बरं म्हणतं.

ताई म्हणते तू फार लक्ष देतेस त्यानेच होतं हे. ताईला मार्चमधलं… जाऊ दे. ह्यांचं नेहमीचंच, "तू बघ ना". बघतेच आहे.

लहानपणी पण अशीच हसायची, उचकी लागेपर्यंत, आणि मीच म्हणायचे, पुरे गं, फार हसलीस की रडशील. म्हणजे तेव्हाही पुरेच म्हणत होते की मी! तेव्हा कुठे वही होती.

दुपारी वही टेबलावर उघडीच राहिली. कालच्या ओळीत लिहिलेलं, "रात्री ११.४५, हसणे", मूडचा रकाना कोरा. तिने वाचलं. मला वाटलं आता दार आपटणार, मग दोन दिवस अबोला. तर म्हणाली, "आई, जोक चांगला होता गं."

कुठला, म्हटलं. तिने सांगितला. मला कळलाच नाही. माझं तोंड बघून तिला परत हसू फुटलं, मग मलाही, आणि हसता हसता मान वळलीच माझी घड्याळाकडे, सवय. तिने बरोब्बर पकडलं.

"तू किती झोपलीस काल?"

"चार तास."

"दमलीयेस?"

"खूप."

"मग काही नाही, नॉर्मल आहेस," म्हणाली आणि पेन शोधायला लागली.