सहीशिवायची संमती

युद्ध किंवा हुकूमशाही संपल्यावर एखादा देश मागच्या अत्याचारांचा हिशोब कसा करतो, हा माझ्या पीएचडीचा विषय. पुस्तकी नाव संक्रमणकालीन न्याय. दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांना ते अजून नीट उच्चारता येत नाही. काका सरळ "तुझं ते नेपाळ" म्हणतात.

दक्षिण आफ्रिकेवर काम करणं सोपं होतं. वर्णद्वेषी राजवटीतल्या अत्याचारांचा तपास करणाऱ्या डेस्मंड टुटूंच्या आयोगाचा, १९९८ला मंडेलांच्या हाती दिलेला अहवाल आमच्या विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत बसूनही वाचता आला असता. मी नेपाळ घेतला, कारण तिथलं काम अर्धवट आहे आणि बडोद्याहून लखनौमार्गे रुपईडिहाची नेपाळ सीमा गाठता येते. दुसरं कारण सिनॉप्सिसमध्ये लिहिलं नाही.

नेपाळमधला माओवादी संघर्ष १९९६ ते २००६ चालला. शांतता करारात बेपत्ता केलेल्यांची माहिती ६० दिवसांत जाहीर करायचं दोन्ही बाजूंनी कबूल केलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्यासाठीचा आयोग नेमला गेला २०१५मध्ये, आणि तक्रारी घ्यायला सुरुवात झाली २०१६मध्ये. मधल्या काळात संस्था, पत्रकार, संशोधक, सगळे बेपत्तांच्या त्याच घरी जाऊन तीच हकीकत ऐकून आले. मी त्या रांगेतली आणखी एक.

बर्दिया जिल्ह्यात थारू या आदिवासी समाजातली माणसं सर्वाधिक बेपत्ता झाली. तिथल्या एका आजींपुढे मी संमतीपत्र ठेवलं. एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं, नेपाळीत भाषांतर केलेलं, खाली सहीची जागा. दुभाष्याने वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, बोलते, पण अंगठा नाही देणार. पुढच्या घरीही तेच.

गाईड मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "हा कागद नक्की कुणाला वाचवतोय, ते आधी लिहून काढ." लिहायला बसले तेव्हा उत्तर अवघड नव्हतं. ज्याच्यावर आरोप आहे तो माणूस अजून त्याच तालुक्यात वजन राखून असेल, तर नाव आणि अंगठा असलेला कागद हाच साक्षीदाराला धोका. सही विद्यापीठाची फाइल पूर्ण करते, आजींना तिचा काडीचा उपयोग नाही.

कमिटीपुढे सुधारित अर्ज ठेवला: तोंडी संमती, थारूतून, रेकॉर्ड केलेली, नावाऐवजी क्रमांक, आणि मध्येच थांबवायची मुभा. बरेच प्रश्न आले, त्यातले काही फार रास्त होते. क्रमांकांची किल्ली कुठे ठेवणार, दुभाषा कुणाचा नातेवाईक आहे का? उत्तरं दिली, मंजुरी मिळाली. दुभाषा मात्र बदलावा लागला.

कोर्सवर्क, प्लेजरिझम रिपोर्ट, शोधगंगा यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळ्यांचं होतं तसंच माझंही झालं. ऑगस्ट २०२४मध्ये नेपाळने या आयोगाचा कायदा दुरुस्त केला तेव्हा शेवटचं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, तेवढा ताप झाला.

व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी अपेक्षित ठिकाणी बोट ठेवलं: "नावं नाहीत, सह्या नाहीत, मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?" मी म्हटलं, किती माणसं बेपत्ता झाली हे मी मुलाखतींतून सिद्ध करतच नाही, सर. त्यासाठी रेडक्रॉसची बेपत्तांची यादी आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा २००८चा बर्दियावरचा अहवाल आहे. मुलाखती आहेत त्या तक्रार दिल्यानंतर घरात काय घडलं, यासाठी. सरांनी मान डोलावली आणि ग्रंथसूचीतल्या चुका वाचायला घेतल्या. त्या भरपूर होत्या.