पाळण्यातलं आर्सेनिक

मिनेसोटातल्या एका संग्रहालयात मी वस्तूंच्या जतनाचं काम करते. माझ्या टेबलावर येणाऱ्या सगळ्या कामांत मला साळिंदराच्या काट्यांचं काम नाजूक वाटतं. आपल्याकडच्या साळिंदराचे लांबलचक काळे-पांढरे काटे डोळ्यांसमोर आणू नका. इथले काटे शेवयांसारखे बारीक. डकोटा या इथल्या मूळ जमातीच्या बायका ते तोंडात भिजवून मऊ करत, दातांनी चपटे करत, रंगवत आणि कातड्यावर बायसनच्या स्नायुरज्जूंच्या धाग्यांनी टाचत.

त्या दिवशी एक डकोटा आजी आणि तिची भाची पाठीवर बांधायचा एक जुना पाळणा बघायला आल्या होत्या. खाली फळी, बाळ पडलंच तर डोक्याला मार लागू नये म्हणून वर लाकडाची कमान, आणि भोवती गुंडाळलेले काटेकामाचे पट्टे. नोंदकार्डावर ‘सू, पाळणा, १८४० च्या सुमारास’ आणि एका लष्करी अधिकाऱ्याचं नाव. ‘सू’ म्हणजे डकोटांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव. करणारीचं नाव अर्थातच नाही. त्या काळी फोर्ट स्नेलिंग या इथल्या लष्करी ठाण्यावरचे अधिकारी नि डॉक्टर अशा वस्तू जमवतच असत. १८३३ ते १८३६ मध्ये तिथे असलेल्या डॉ. जार्विसचा संग्रह आज ब्रुकलिन संग्रहालयात आहे.

भाची स्वतः हे काम करते. तिने कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. खालच्या कोपऱ्यावर टॉर्च धरून म्हणाली, “इथे दुसरा हात आहे.” वरच्या पट्टीत प्रत्येक नव्या काट्याचं टोक डावीकडे खोचलेलं, कोपऱ्यातल्या बोटभर जागेत उजवीकडे. मी भिंगाखाली घडी जरा उघडली. बाहेरून मातकट दिसणारा तो तुकडा आत चक्क जांभळा होता, ॲनिलिनचा जांभळा. हा कृत्रिम रंग लंडनमध्ये सापडला १८५६ साली. इथल्या व्यापाऱ्यांकडे पोचायला आणखी काही वर्षं गेली असणार. दुरुस्ती संग्रहालयातच झाली असेल, अशी शंका मी काढली. पण ठिगळही मूळ पट्टीइतकंच घासलेलं होतं. दुरुस्तीनंतरही त्यात बाळ निजलं होतं.

“मग हा १८६२ च्या आधी कुणी नेलेला नाही,” आजी म्हणाली. त्या वर्षी डकोटा आणि अमेरिकी सरकार यांच्यात झालेल्या युद्धानंतर मॅनकेटोला ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं, बायका-मुलांना हिवाळाभर फोर्ट स्नेलिंगखालच्या छावणीत डांबलं आणि मग राज्याबाहेर हाकललं. पाळणा त्यांच्याबरोबर तिथे होता की नाही, हे कोण सांगणार? पण कार्डावरच्या सालापेक्षा मला तिचं म्हणणं पटलं.

मग ती म्हणाली, “हातमोजे नकोत. मला तो नुसत्या हातांनी घेऊ दे.”

मला अहवाल पुढे करावा लागला. एक्स-रे यंत्राने आर्सेनिक दाखवलं होतं. काटा म्हणजे केसच, केराटिन. कसर आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या तो आवडीने खातात. म्हणून जुन्या संग्रहालयांत सर्रास आर्सेनिक चोळत.

“बाळाच्या पाळण्याला विष लावलंत?”

कारण मी सांगितलं. शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक आणि त्या खोलीत अगदी निरुपयोगी. धुऊन जाईल का, भाचीने विचारलं. पाण्याने रंग जातील, काटे सुटतील, आणि विष कातड्यात मुरलेलं ते राहीलच. मूळ जमातींच्या वस्तू त्यांना परत करण्याच्या १९९० च्या कायद्याखाली अर्ज करून उद्या पाळणा त्यांच्या घरी गेला, तरी त्यात मूल ठेवता येणार नाही.

आजीने शेवटी नायट्राईलचे मोजे घातले, तेही माझ्याकडे न बघता. भाचीने मापं घेतली, पट्ट्यांचे खाके काढले. उलट खोचलेल्या टोकांचे फोटो वेगळे काढले. तिला तसाच नवा पाळणा करायचाय, ठिगळासकट.

आर्सेनिकची माहिती अंतर्गत फाइलमध्येच असावी, असं आमच्या साहेबांचं मत. मी ती कार्डाच्या पहिल्या ओळीत लिहिली, आणि तिच्याखाली ‘दुसऱ्या हाताची दुरुस्ती, बहुधा १८६२ नंतर’.

जाताना आजीने विचारलं, बाकीचे पाळणे तपासलेत का? काही तपासलेत, सगळे नाहीत. तिने यादी मागितली. साहेबांची सही यायच्या आतच मी ती पाठवून दिली.