तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, पत्रकारितेच्या वर्गात, परवा तर दवाखान्यात नंबरची वाट बघताना शेजारच्या गृहस्थांनीही विचारलं. शर्यत हरून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींच्या तोंडापुढे लगेच माइक धरताना तुम्हाला काहीच वाटत नाही का? आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय संपवत आलो. आता एकदा पूर्ण सांगतो, कारण प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं असतं आणि ते मला मान्य नाही.

वाटतं. दर वेळी वाटतं.

तुमच्या डोळ्यांसमोर असतो तो टीव्हीवरचा प्रसंग. धावपटू अजून धापा टाकतोय आणि कोणीतरी विचारतंय, 'कसं वाटतंय?' मी वर्तमानपत्राचा माणूस. मोठ्या स्पर्धांत ट्रॅकवरून ड्रेसिंग रूमकडे जाण्याची जी वाट असते, तिला मिक्स्ड झोन म्हणतात. वाटेच्या तोंडाशी प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या वाहिन्या, मग बाकीच्या वाहिन्या आणि रेडिओ, मग वृत्तसंस्था, आणि कठड्याच्या पार शेवटाला आम्ही छापील लोक. ऑलिंपिकमध्ये खेळाडूला त्या वाटेने जावं लागतं, बोलावंच लागतं असं नाही. 2021 च्या फ्रेंच ओपनमध्ये पत्रकारांना टाळलं म्हणून टेनिसपटू नाओमी ओसाकाला पंधरा हजार डॉलर दंड झाला होता. आमच्या धावपटूंवर तसली सक्ती नसते. कोणी हात हलवून पुढे गेला, तर मी त्याला हाक मारत नाही. हे मी बचाव म्हणून सांगतोय, हे मला कळतं. पण एकोणीस वर्षांच्या, पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेला आलेल्या मुलीला 'मला बोलायचं नाही' असं म्हणता येतं हे कोणी सांगितलेलंच नसतं, हेही मला कळतं.

आपल्याकडच्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत कठडाबिठडा फारसा नसतो. तिथे मी एक पथ्य पाळतो. धावून आलेल्याला उभं करायचं नाही. धावताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. माणूस एकदम थांबला की ते ढकलणं थांबतं, रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मॅरेथॉनच्या शेवटाला स्वयंसेवक 'चालत राहा, चालत राहा' म्हणून ओरडतात ते त्यासाठीच. म्हणून मी बरोबर चालतो, पाण्याची बाटली होईपर्यंत गप्प राहतो आणि मग बारीकसा प्रश्न विचारतो. चौथ्या लॅपला बाहेरून का गेलात? पाण्याच्या उडीला पाय अडखळला का? स्टीपलचेसमध्ये, म्हणजे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात, विचारायला पुष्कळ असतं. 'कसं वाटतंय'ला तिथे कोणाकडेच उत्तर नसतं. पायाबद्दल विचारलं की बोलता येतं.

आणि निराशा म्हणजे काय, हे निकालाच्या कागदावरून कळत नाही. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या प्राथमिक शर्यतीत 8 मिनिटं 18.12 सेकंदांत धावला. स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि सातवा आल्यामुळे अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला अंतिम फेरीत पोहोचला आणि अकरावा आला, तेव्हा इकडे अर्ध्या लोकांनी 'हरला' म्हटलं. रिओला 2016 मध्ये अंतिम फेरीत दहाव्या आलेल्या ललिता बाबरबद्दलही तेच. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. चौथं येणं काय असतं हे या देशाला त्या दिवशी कळलं, कारण लोकांनी तिला विचारलं आणि विचारत राहिले. फक्त पहिल्या तिघांनाच विचारायचं ठरवलं, तर आपल्याकडे धावण्याबद्दल लिहायला काय उरतं?

नोकरीला लागलो तेव्हाचा मी वेगळा होतो. तो म्हणायचा, क्रमांक आणि टायमिंग लिही, हरलेल्याला घरी जाऊ दे, दोन दिवसांनी गावी जाऊन बोल. त्याचं सगळंच चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. दोन दिवसांनी माणूस जास्त नीट बोलतो. पण दोन दिवसांत त्याला काय बोलायचं हे बऱ्याच जणांनी सांगितलेलंही असतं.

हे मला ज्या शर्यतीने दाखवलं, तिचं आणि स्पर्धेचं नाव सांगत नाही. मुलींची दहा हजार मीटर, संध्याकाळ, ट्रॅक अजून तापलेला. पंचवीस लॅप. प्रत्येक लॅपला वहीत एक रेघ मारायची माझी सवय आहे. तिघी पुढे होत्या. मागच्या काही जणींवर त्यांनी एक-एक लॅप चढवलेला, त्यामुळे ट्रॅकवर कोण कितव्या लॅपला आहे याचा गोंधळ होता. माझ्या वहीत तेवीस रेघा झाल्या आणि शेवटचा लॅप उरल्याची बेल वाजली. बेल चोविसाव्यानंतर वाजायला हवी होती.

तिघींनी वेग घेतला. दोघींचे कोच जाळीपाशी उभे होते. ते जिवाच्या आकांताने ओरडले, 'अजून दोन! अजून दोन!' त्या दोघी सावरल्या. तिसरीचं जाळीपाशी कोणी नव्हतं. तिचे कोच पलीकडे वॉर्म-अपच्या मैदानात दुसऱ्या मुलांबरोबर होते. तिने होतं नव्हतं ते सगळं त्या लॅपमध्ये घातलं. वळणावर तिने दोघींना मागे टाकलं तेव्हा प्रेक्षकांत टाळ्या पडल्या. रेषा ओलांडून ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकले. एक अधिकारी हात फिरवत धावत आला. तिला आधी कळेना. मग ती पुन्हा निघाली. ते चारशे मीटर मी पाहिले आहेत, त्यांचं वर्णन करायची माझी इच्छा नाही. ती पाचवी आली.

मी बरोबर चालू लागलो. छातीवरच्या नंबरची एक पिन सुटली होती आणि कागद घामाने अंगाला चिकटला होता. मी काही विचारायच्या आत तिनेच विचारलं, "सर, बेल वाजली ना? तुम्ही ऐकली ना?"

मी म्हटलं, "वाजली."

"मग माझंच चुकलं असं का म्हणाले ते?"

मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं, तिला दाखवून. ती बोलली. कुठल्या लॅपला बेल ऐकली, कोणी हात केला, काय म्हणाले, सगळं ओळीने. मी विचारलं, "प्रोटेस्ट करणार का?" निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तक्रार करता येते, हा नियम तिला ठाऊक नव्हता. तेवढ्यात तिचे कोच पोहोचले. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. तिचं म्हणणं, माझ्या वहीतल्या रेघा, आयोजकांचा 'तांत्रिक अडचण' हा खुलासा. संध्याकाळी तिचा फोन आला. शेजारी कोणीतरी होतं, कारण ती पुस्तकातल्यासारखं बोलत होती. "सर, मी गडबडीत बोलले. मला बेलचं नीट ऐकू आलं नव्हतं. तेवढं छापा." रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. मी ते कोणाला ऐकवलं नाही. तिचं दुसरं म्हणणं तिच्या नावाने छापलं, कारण शब्द तिचे होते आणि मागे घ्यायचा हक्कही तिचाच. संपादक म्हणाले, मग पहिली बातमी खोटी ठरते. मी म्हटलं, ठरू दे, वाचणाऱ्याला दोन्ही दिसतील. आजही मी तेच करीन.

पुढच्या शिबिराच्या यादीत तिचं नाव नव्हतं. बातमीमुळे, असं मी सिद्ध करू शकत नाही. टायमिंग पात्रतेच्या खाली होतं, हे खरंच होतं. ते टायमिंग कशामुळे खाली गेलं ते मात्र यादी करणाऱ्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं. ते फक्त माझ्या फोनमध्ये होतं आणि एक दिवसापुरतं पेपरात.

म्हणून मला राग येतो, तुम्ही 'लाज नाही वाटत का' म्हणता तेव्हा. त्या दहा मिनिटांत मी तिथे नसतो, तर 'पाचवी' एवढाच शब्द उरला असता आणि तिलाही काही वर्षांनी वाटलं असतं की आपणच लॅप मोजायला चुकलो. तिने मला नंतर एकदा सांगितलं, ते कात्रण तिने ठेवलंय. पहिलं, दुसरं नाही.

पण तिच्या वडिलांशी माझी गाठ पडली, तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि सरळ विचारलं, "तुम्ही त्या वेळी विचारलं नसतं, तर ती काही बोलली असती का?" मी म्हटलं, बहुतेक नाही. "मग ती शिबिरात असती." मी म्हटलं, टायमिंगचं काय? ते म्हणाले, "टायमिंग पुढच्या वर्षी आलं असतं. माणसं दुखावली ती दुखावलीच."

मी त्यांना खरं बोलण्याबद्दल काहीतरी सांगू लागलो. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "साहेब, खरं बोलली ती. छापलं तुम्ही. भोगलं कोणी?"

त्यांचं हे म्हणणं मला खोडता आलेलं नाही. तिला विचारायला नको होतं, असंही मी म्हणणार नाही, त्यांच्यासमोरही म्हटलं नाही. ती आता नोकरीला लागली आहे, रस्त्यावरच्या शर्यती धावते, कधी भेटली तर पेस आणि बुटांबद्दल बोलते. त्या संध्याकाळचा विषय ती काढत नाही, आणि आता मीही तो विचारत नाही.