आमची वाटचाल : प्रिंटर तोच, कॉम्प्युटर नवा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या गाळ्यावर पाटी अजून ‘टोनर रिफिलिंग, रिबन, कॉम्प्युटर दुरुस्ती’ अशीच आहे. पाटी बदलावी असं मेहुण्यांना फार वाटतं, आणि धंद्यातले भागीदारही तेच आहेत. माझं म्हणणं, गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाही, कुणाचं तरी ऐकून येतं. आज आमची निम्मी कमाई ज्या कामावर चालते ते काम तर पाटीवर नाहीच : जुन्या कॉम्प्युटरवरचे प्रिंटर सगळ्या सेटिंगसकट नव्या कॉम्प्युटरवर नेऊन बसवणं.

सुरुवात विंडोज एक्सपीच्या जमान्यातली. तेव्हा काम म्हणजे कार्ट्रिज भरायचं आणि मशीन फॉरमॅट मारायचं. वागळे इस्टेटमधले लहान कारखाने, कोपरीतले ट्रान्सपोर्टवाले, आणि ठाणे-वाशी लोकल पकडून वाशीच्या एपीएमसीतल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या, दाणा मार्केटचे गाळे. या सगळ्यांकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, कारण कार्बनच्या तीन प्रती एका दमात काढायला पिनांचा ठोकाच लागतो. लेझरला ते जमत नाही.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट बंद केला आणि मशीनं बदलायची लाट आली. बदलून देणारा कुणी दुसराच असायचा. टेस्ट पेज सुरेख निघालेलं असायचं, पैसे चुकते झालेले असायचे, आणि धंद्याच्या पहिल्या दिवशी आम्हाला फोन. दाणा मार्केटमधल्या एका मेहताजींची तक्रार तर आम्ही अजून नव्या पोरांना सांगतो : “दादा, पहिलं बिल झकास. पण चौथ्या बिलाला पार्टीचं नाव गणपतीच्या डोक्यावर जातंय!”

बिलाच्या छापील कागदावर वर गणपती होता, खाली नावाची रेघ. कागद सलग घडीचा, छिद्रांच्या पट्टीवर ओढला जाणारा, १० बाय १२ इंची. नव्या मशीनमध्ये ड्रायव्हरने, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामने, आपलं आपण ए-फोर धरलं होतं, म्हणजे लांबी ११.६९ इंच. दर बिलाला कागद ०.३१ इंच कमी सरकायचा. दुसऱ्या बिलाला कुणाच्या लक्षात येत नाही, चौथ्याला जवळजवळ इंचभर फरक पडतो. टेस्ट पेज एकच असतं, त्यात हे कधीच दिसणार नाही. जुन्या मशीनमध्ये कुणीतरी ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन १० बाय १२ चा फॉर्म, म्हणजे कागदाच्या मापाची नोंद, बनवून ठेवला होता, तो मशीनबरोबर भंगारात गेला. आम्ही फॉर्म पुन्हा बनवला, ड्रायव्हरमध्ये निवडला, सलग दहा बिलं काढून मेहताजींपुढे ठेवली. त्यानंतर त्या गल्लीतले बाकीचे गाळे आपोआप आमच्याकडे आले.

तिथून आम्हाला या कामाची मेख कळली. प्रिंटरच्या सेटिंग एका जागी नसतात. काही विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या वहीत, सगळ्यांसाठी असतात, काही त्या त्या युजरच्या खात्यात, आणि काही थेट प्रिंटरच्या पोटात. डॉसच्या पद्धतीने, टेक्स्ट मोडमध्ये छापणारं जुनं सॉफ्टवेअर असेल तर कागदाची लांबी त्या पोटातलीच चालते. ती विंडोजच्या कुठल्याच बॅकअपमध्ये येत नाही, पॅनेलवरची बटणं दाबून लिहूनच घ्यावी लागते.

बॅकअपचं हत्यार विंडोजमध्येच आहे. व्हिस्टापासून ‘प्रिंट मॅनेजमेंट’मध्ये प्रिंटर एक्सपोर्ट करायची सोय आहे आणि तेच काम काळ्या खिडकीत कमांड टाइप करून करणारा प्रिंटबीआरएम हा प्रोग्रामही. रांगा (विंडोजमध्ये दिसणारी प्रिंटरची एकेक नोंद), पोर्ट (प्रिंटर जोडायची वाट), ड्रायव्हर, फॉर्म, सगळं एका फाइलमध्ये. होम एडिशनमध्ये प्रिंट मॅनेजमेंट मिळत नाही, आणि आपल्याकडे दुकानातून उचललेले निम्मे लॅपटॉप होमच असतात.

घोडं पेंड खातं ते ही फाइल नव्या मशीनवर रिस्टोअर करताना. ‘काही त्रुटींसह पूर्ण झालं’ असा संदेश येतो आणि लोक ‘पूर्ण झालं’ एवढंच वाचतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंटबीआरएमचा वेगळा लॉग असतो, कुठला ड्रायव्हर अडला ते तिथे सापडतं. बहुतेक वेळा जुनं मशीन ३२ बिटचं आणि नवं ६४ बिटचं असतं. अशा वेळी जुन्या मशीनवरच शेअरिंगमधून ६४ बिटचा ड्रायव्हर आधी चढवतो आणि मगच बॅकअप घेतो. दुसरं कारण म्हणजे प्रिंटरच्या कंपनीचा स्वतःचा प्रिंट प्रोसेसर (छपाईचं काम प्रिंटरसाठी तयार करणारा भाग), जो नव्या मशीनवर नसतो. बॅकअपच्या आधी तो बदलून विंडोजचा साधा ‘विनप्रिंट’ केला की पुढचं सुरळीत होतं.

यूएसबीचा वेगळाच ताप. रिस्टोअर झालेली रांग यूएसबी००१ कडे बघत बसते, विंडोजने मात्र तोच प्रिंटर यूएसबी००२ वर जोडून ‘कॉपी १’ नावाने दुसरा उभा केलेला असतो. पोर्ट्समध्ये योग्य खूण केली की झालं. पण नाव अक्षरन् अक्षर जुनंच ठेवायचं, कारण बिलिंगच्या सॉफ्टवेअरने तेच नाव धरून ठेवलेलं असतं.

सीए मंडळींकडे भांडण ‘डिफॉल्ट्स’ आणि ‘प्रेफरन्सेस’चं. ॲडव्हान्स्ड टॅबमधल्या प्रिंटिंग डिफॉल्ट्स सगळ्या युजरसाठी, प्रिंटिंग प्रेफरन्सेस फक्त लॉगिन केलेल्यासाठी. आर्टिकलच्या, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या, मुलीने स्वतःपुरतं दोन्ही बाजूंनी छापणं लावलेलं असतं आणि साहेबांना ते ऑफिसचं वाटतं. म्हणून आम्ही प्रत्येक लॉगिनला बसून विचारतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्याचेच पैसे मिळतात.

२०२१ च्या जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची स्पूलरमधली, म्हणजे विंडोजच्या छपाई सांभाळणाऱ्या भागातली, सुरक्षेची भेग उघडकीला आली. ऑगस्टच्या अपडेटपासून नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर चढवायला ॲडमिनिस्ट्रेटर लागू लागला. फोनवर ‘हे दाबा, ते दाबा’ सांगून होणारी कामं तेव्हापासून कमी झाली आणि आम्हाला एक स्कूटर जास्त घ्यावी लागली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग मशीनमध्ये लागतो, म्हणून पुन्हा मशीनं बदलताहेत. आता आम्ही जुनं मशीन चालू असतानाच जातो, फॉर्म आणि पॅनेलचे फोटो काढतो, गिऱ्हाइकाच्याच स्टेशनरीवर दहा बिलं काढून दाखवतो. महिनाअखेरचं बिलिंग होईपर्यंत जुना डबा विकू नका, एवढं हात जोडून सांगतो. तरी काही शेठ भंगारवाल्याकडून आधीच पैसे घेऊन बसलेले असतात. त्यांच्याकडे आम्ही हार्ड डिस्क तेवढी काढून ठेवतो.