पायूट ट्रेलवर एटीव्ही: भाड्याचं मशीन घेण्याआधी सायलेन्सर बघा

झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं करून उत्तरेकडे परतताना पँग्विचपासून साधारण तासाभरावर मेरीजव्हेल लागतं. युटामधल्या पायूट एटीव्ही ट्रेलवर (एटीव्ही म्हणजे हँडल धरून चालवायचं, खडबडीत रस्त्याचं चारचाकी मशीन) जायचं तर हे सगळ्यात सोयीचं गाव. मुख्य वर्तुळ सुमारे 275 मैलांचं आहे. फिशलेक राष्ट्रीय वनातून आणि पॅहव्हँट, टशर, मन्रो या तीन डोंगररांगांतून ते फिरतं. अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं आता हा टप्पा सहलीत जोडतात, म्हणून हे लिहितो आहे. रस्त्याची माहिती सगळीकडे मिळते. मशीन कोणतं घ्यायचं आणि आवाजाचं काय करायचं, हे मात्र कुणी धड सांगत नाही.

भाड्याच्या दुकानात सांगितलं गेलं की सगळी मशीन्स कंपनीतून आली तशीच आहेत. ताब्यात मिळालेल्यांपैकी दोन मशीन्सचे सायलेन्सर बदललेले होते. जोडीला बिलात तीन रकमा अशा निघाल्या, ज्यांचा फोनवर उल्लेखही नव्हता. बिलाचं पुढे लिहितो, आधी सायलेन्सर.

कंपनीच्या सायलेन्सरच्या टोकाला ठिणगी अडवणारी जाळी असते आणि राष्ट्रीय वनात ती सक्तीची आहे. सायलेन्सरवर यूएस फॉरेस्ट सर्व्हिसच्या मान्यतेचा ठसा कोरलेला असतो, तो शोधा. ठसा नसेल, टोकाचं तोंड नेहमीपेक्षा मोठं दिसत असेल किंवा पाइप सरळ आरपार दिसत असेल, तर ते मशीन घेऊ नका. टशरमध्ये ऑगस्टचं गवत वाळलेलं असतं. अशा पाइपमुळे कान तर दुखतातच, वणवाही लागू शकतो.

इंजिन थंड असताना सायलेन्सरवर बोटाच्या पेराने टकटक करा. आतून खुळखुळ ऐकू आली तर आतला पडदा सुटलेला आहे. मग इंजिन चालू करून हेडर पाइप (इंजिनातून धूर बाहेर आणणारा) आणि सायलेन्सरच्या सांध्याजवळ हातमोजा घातलेला हात धरा, टेकवू नका. फट-फट हवा लागली किंवा सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला तर तिथली गॅस्केट गेलेली आहे. काही मशीन्सचा सायलेन्सर स्प्रिंगांवर ताणून धरलेला असतो. त्यातली एक तुटली तरी सांधा सैल होतो आणि चढावर मशीन भुंकायला लागतं. उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचे स्क्रूही हलवून बघा. खडबडाटाची निम्मी तक्रार तिथेच मिटते. शेवटी एअरबॉक्सचं, म्हणजे हवेच्या फिल्टरच्या डब्याचं, झाकण आणि त्याच्या क्लिपा तपासा. झाकण नीट बसलेलं नसेल तर हवा आत ओढण्याचा घोघो आवाज थेट मांडीखालून येतो, आणि धूळ इंजिनात जाते ती वेगळीच.

आवाज मोजायची प्रमाणित पद्धत सोपी आहे. मशीन उभं ठेवायचं, माइक पाइपच्या तोंडापासून 20 इंचांवर, 45 अंशांच्या कोनात, तोंडाच्याच उंचीवर धरायचा आणि इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर, ढोबळमानाने कमाल फेऱ्यांच्या निम्म्यावर, फिरवायचं. कॅलिफोर्नियात 1986 नंतर बनलेल्या ऑफ-रोड मशीनला या चाचणीत 96 डेसिबलची मर्यादा आहे. फोनवरचं अॅप पुराव्याला चालणार नाही, पण शेजारी उभ्या दोन मशीन्समधला फरक ते नक्की दाखवतं.

या आकड्याचा अर्थ काय? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. 20 इंचांवर 96 असलेला आवाज सुमारे 64 मीटरवर 54 वर येतो, म्हणजे साध्या बोलण्याइतका. जाळी काढलेलं मशीन 106 देत असेल तर 54 वर यायला त्याला जवळपास 200 मीटर लागतात. आणि मशीन एकटं नसतं. सारखी दोन मिळून 3 डेसिबल वाढतात, आठ मिळून 9. दरीत कड्यांवरून आवाज परततो, तिथे हा हिशोब आणखी बिघडतो. युटात आवाजावरून गावं चिडली आहेत ती उगाच नाही. मोआब शहराने आणि ग्रँड काउंटीने 2021 मध्ये आवाजाचे नियम कडक केले, ते लोकांच्या अंगणात रात्री घुमणाऱ्या मशीन्समुळेच. पायूट ट्रेल गावांच्या रस्त्यांवरून जातो, हेच त्याचं वैशिष्ट्य आहे. ते टिकवणं येणाऱ्यांच्या हातात आहे.

आता मशीन्स. माझी मतं ठाम आहेत.

बऱ्याच एटीव्हींत स्कूटरसारखा, इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा रबरी पट्टा असतो. होंडा रँचर 420 मध्ये तो नसतो, खरे गिअर असतात. त्यामुळे इंजिनाच्या फेऱ्या वेगाबरोबर चढतात-उतरतात आणि एकसुरी घोंघाट डोक्यात बसत नाही. उतारावर गिअर टाकला की मशीन तिथेच रोखून धरतं. उणीव मागच्या बाजूला आहे: साध्या मॉडेलचा मागचा अॅक्सल एकसंध असतो, एक चाक दगडावर चढलं की अख्खं बूड उडतं. आवाज कमी हवा आणि सामान थोडं असेल तर माझी पहिली पसंती हीच. दगडांवर दिवसभर जायचं असेल तर मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेलं मॉडेल मागा.

यामाहा कोडियाक 450 (421 सीसी) आणि ग्रिझली 700 (686 सीसी) पट्ट्याच्या आहेत, पण यामाहाच्या रचनेत पट्टा कायम ताणलेला राहतो आणि क्लच वेगळा, तेलात बुडालेला असतो. पट्टा घसरून जळण्याचा धोका त्यामुळे कमी होतो आणि उतारावर चारही चाकांना इंजिनाचा ब्रेक मिळतो. वजनदार माणसाने ग्रिझली घ्यावी. तिची टाकी 18 लिटरची आहे, तीही इथे कामाला येते.

पोलारिस स्पोर्ट्समन 570 (567 सीसी, 44 अश्वशक्ती) भाड्याच्या दुकानांत सहज मिळते. बसायला सगळ्यात आरामशीर. सस्पेन्शन मऊ, दगड जाणवत नाहीत. पण चढावर थ्रॉटल दिला की फेऱ्या आधी चढतात आणि वेग मागून येतो, त्यामुळे कानाला जास्त लागते. पाठीचा त्रास असणाऱ्याने हीच घ्यावी, कानात प्लग घालून. सुझुकी किंगक्वाड 500 आणि 750 दणकट आहेत, आवाजात मधल्या. कॅन-अॅम आउटलँडरची 2023 पासूनची 500 आणि 700 ही दोन्ही 650 सीसीच्या एकाच इंजिनावर आहेत, ताकद 40 आणि 50 अश्वशक्ती. उंचीवर 700 चा फरक जाणवतो.

कारण उंची. इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण 3 टक्क्यांनी घटते. 11,000 फुटांवर जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो. 44 अश्वशक्तीच्या मशीनमधून तिथे 30 च्या आसपास उरतात. लोक मग थ्रॉटल पिळतात आणि आवाज वाढतो. म्हणून 90 किलोवरच्या माणसाने सामानासकट 420 घेऊन टशर चढू नये. आणि एका सीटच्या मशीनवर जोडप्याने बसू नये, अगदी दोन मैलांसाठीही नाही. मागे वजन गेलं की चढावर पुढची चाकं उचलली जातात. दोघांसाठी लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) वेगळी मॉडेल्स असतात: स्पोर्ट्समन टूरिंग, आउटलँडर मॅक्स. मोठ्या मशीनवर 16 वर्षांखालच्या मुलाला चालवायला देऊ नका, तसं कंपनीच्या लेबलवरच छापलेलं असतं.

ज्या टप्प्याने सगळ्यात घाम काढला तो किंबर्ली ते बिग जॉन फ्लॅट. फ्रिमाँट इंडियन स्टेट पार्कजवळून वर निघालं की आधी किंबर्ली येतं. अॅनी लॉरी खाणीच्या सोन्यावर उभं राहिलेलं आणि नंतर ओस पडलेलं गाव. तिथवर काही त्रास नाही. पुढे झाडी संपते आणि रस्ता 12,137 फुटांच्या माउंट बेलनॅपच्या अंगावरून, सुट्या फिकट खडीतून वळणं घेत चढतो. खाली बघणं टाळावं अशी उघडी बाजू, आणि चाकाखाली काहीच घट्ट नाही. माहितीपत्रकात याला 'मध्यम' म्हटलं होतं. सुक्या हवेत, सवय असलेल्याला ते मध्यम असेल. पहिल्यांदा येणाऱ्यासाठी हा अवघड टप्पा आहे, आणि पावसाची सर पडून गेल्यावर तर तिथे जाऊच नये.

चढ सुरू होण्याआधी, सपाटीवर थांबून, फोर-व्हील (चारही चाकांना ताकद) आणि लो (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) टाका. मध्यावर बदलायला गेलात तर मशीन मागे सरकतं. पट्ट्याच्या मशीनला लो नेहमी वापरा, जिथे वेग माणसाच्या धावण्यापेक्षा कमी असेल तिथे तर हमखास. हायमध्ये, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये, रेटलं तर पट्टा पुलीवर घसरतो, तापतो, जळक्या रबराचा वास येतो आणि इंजिन नुसतं ओरडतं. लोमध्ये तोच चढ अर्ध्या थ्रॉटलवर निघतो. वास आलाच तर सुरक्षित जागी न्यूट्रलमध्ये काही मिनिटं इंजिन चालू ठेवा, म्हणजे क्लचच्या खोक्यातून हवा खेळते. लगेच बंद केलं तर उष्णता आतच कोंडते.

टायरमधली हवाही बघून घ्या. दुकानं जास्त भरून ठेवतात. बहुतेक मशीन्सना 5 ते 7 पीएसआय लागते, नेमका आकडा मशीनवरच्या लेबलवर असतो. कडक टायर खडीवर उड्या मारतो, पकड सोडतो आणि चाक मोकळं फिरलं की फेऱ्या आणि आवाज दोन्ही उसळतात. कमी दाबाचा गेज सोबत ठेवा, गाडीचा नेहमीचा गेज 5 पीएसआय नीट दाखवत नाही.

कानांबद्दल: अमेरिकेतली कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था, नायॉश, 85 डेसिबलला 8 तास सुचवते आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करते. 94 ला फक्त एक तास उरतो. फोमच्या प्लगच्या पाकिटावर 33 डेसिबल बचाव लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात 13 च्या आसपास धरा. प्लग पीळ देऊन बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सारून अर्धा मिनिट दाबून धरायचा. हेल्मेट घालताना तो निघत असेल तर पुरेसा आत गेलेला नाही. संध्याकाळी जो थकवा येतो त्यातला बराचसा आवाजाचा असतो, हे प्लग घालून आणि न घालता चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

समोरून घोडेस्वार आला तर बाजूला, शक्यतो उताराच्या बाजूला, थांबा. इंजिन बंद करा, हेल्मेट काढा, बोला. माणसाचा आवाज ऐकला की घोडा बुजत नाही. गावात शिरताना गटातली अंतरं वाढवा आणि चहासाठी थांबलात की मशीन्स गुरगुरत ठेवू नका. मन्रो डोंगराचा भाग सोपा आणि सुंदर आहे, एल्क (मोठी हरणं) दिसतात. त्यावर अधिक सांगण्यासारखं नाही.

जुलैच्या आधी वरचा भाग बर्फातून मोकळा असेल असं धरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा होतात, म्हणून झाडीच्या वरचा टप्पा दुपारच्या आत उरका. पेट्रोल मेरीजव्हेल, रिचफील्ड, बीव्हर आणि फिलमोरला मिळतं. मधल्या भागासाठी एक गॅलन जादा बांधा. 1 जानेवारी 2023 पासून युटात 18 वर्षांवरच्या चालकालाही ऑफ-रोडचा मोफत ऑनलाइन कोर्स करावा लागतो. प्रमाणपत्र फोनमध्ये ठेवा. बाहेरच्या राज्यातून स्वतःचं मशीन आणणाऱ्याने युटाचा ऑफ-रोड परवानाही आधी काढावा.

आता बिल. फोनवर सांगतात तो दिवसाचा दर. त्यावर नुकसान-माफीची रक्कम (ती भरली की मशीनच्या नुकसानीचे पैसे मागत नाहीत), साफसफाई आणि पेट्रोल चढतं. आरक्षण करतानाच ईमेलवर चार गोष्टी लिहून मागा: एकूण रक्कम करासकट, नुकसान-माफीत टायर आणि रिम येतात का, चिखलाचे पैसे कधी लागतात, आणि मशीनचा सायलेन्सर कंपनीचा आहे का. शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर न देणारं दुकान सोडून द्या. स्वतःच्या गाडीचा विमा किंवा क्रेडिट कार्डाचं भाडे-संरक्षण एटीव्हीला सहसा लागू नसतं, कार्ड कंपनीला आधी विचारा. मशीन घेताना चारही बाजूंनी, खालच्या पत्र्यासकट, व्हिडिओ काढा आणि त्यात दुकानातला माणूस बोलताना येऊ द्या. परत देताना पंपावर टाकी भरून पावती ठेवा, आणि अनामत रकमेचा होल्ड सुटेल ती तारीख बिलावर लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.