व्हॉक्स ते फ्लॅक: 6000 की 8000, टोनवरून पक्कं ठरतंय

जुन्या आयव्हीआरच्या (फोनवर "एक दाबा, दोन दाबा" सांगणारी यंत्रणा) हार्ड डिस्कचं काम कुठवर आलंय ते टाकतो, कारण या वेळी एक भारी गोष्ट हाती लागलीये आणि व्हॉक्स (फोनच्या आवाजाचा जुना फॉरमॅट) फाइल्स घेऊन बसलेल्या प्रत्येकाच्या ती कामाची आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. डिस्क नव्वदच्या दशकात आयव्हीआर बसवून देणाऱ्या एका काकांची, आत डायलॉजिक कार्डावर (कॉम्प्युटरला फोन लाइन जोडणारं कार्ड) रेकॉर्ड केलेले प्रॉम्प्ट, म्हणजे मेन्यू आणि आकडे, आणि थोडे व्हॉइसमेल. व्हॉक्सला हेडर (फाइलची माहिती देणारा सुरुवातीचा भाग) नसतो, नुसता ओकी एडीपीसीएम (आवाज दाबून साठवायची पद्धत), सॅम्पलला 4 बिट, एका बाइटमध्ये दोन सॅम्पल, बस. रेट, म्हणजे सेकंदाला सॅम्पल किती, ते फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. 8000 ला सेकंदाला 4000 बाइट लागतात आणि 6000 ला 3000, म्हणजे जागा वाचायची म्हणून 6000 घेणारेही होतेच. लांब वाक्य असेल तर ऐकून कळतं हो, पण फाइलमध्ये नुसतं "सात" असेल तर छातीठोकपणे कोण सांगणार?

तर उपाय असा. व्हॉइसमेलमध्ये बऱ्याचदा शेवटी बटण दाबल्याचा टोन किंवा समोरच्याने फोन ठेवल्यावरचा एंगेज टोन रेकॉर्ड झालेला असतो. आपल्याकडचा एंगेज टोन 400 हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू पाऊण सेकंद बंद. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या फ्रिक्वेन्सींचं चित्र) ती रेघ 533 वर दिसली की समजायचं, 6000 ची फाइल 8000 ने उघडलीये. बटणांचं तर अजून मस्त आहे. 1 चं बटण म्हणजे 697 आणि 1209 हर्ट्झ एकत्र. चुकीच्या रेटने ते 929 आणि 1612 होतात, आणि हे 941 आणि 1633 च्या इतकं जवळ आहे की बटणांचे टोन ओळखणारा डिटेक्टर त्याला डी बटण समजू शकतो! डी बटण घरातल्या फोनवर नसतंच, त्यामुळे कुठे डी दिसला की आधी रेटवर संशय घ्यायचा. हे गणित जुळलं तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठलो.

प्रॉम्प्टमध्ये टोन नसतात, तिथे त्याच फोल्डरमधलं सगळ्यात लांब वाक्य धरून ठरवतोय.

मराठी आकड्यांचा फोल्डर सगळ्यात मोठा आहे आणि माझा सगळ्यात लाडका. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि पुढचे दशक रेकॉर्ड केले की जोडून काम भागतं, आपल्याकडे एकोणचाळीस, त्रेसष्ट, सत्त्याण्णव सगळे वेगळे, म्हणून आवाज देणाऱ्या बाईंनी शून्य ते नव्व्याण्णव एकेक आकडा म्हटलाय आणि प्रत्येकाचा शेवट एकाच पट्टीत ठेवलाय, कारण पुढे "रुपये" जोडायचे होते. असं काम हल्ली ऐकायला मिळत नाही, हे नीट जपलंच पाहिजे.

कन्व्हर्ट करायला सॉक्स हा प्रोग्रॅम वापरतो. टाइप व्हॉक्स, रेट आणि चॅनल एक, हे तिन्ही स्वतः सांगायचं, गृहीत काही धरायचं नाही. मास्टर 16 बिट फ्लॅक (आवाजातलं काही न गमावणारा फॉरमॅट), मूळ रेटलाच, 6000 असेल तर 6000, फ्लॅकला चालतं. मास्टरवर फिल्टर नाही, नॉइज रिडक्शन नाही. ऐकायची कॉपी ओपसमध्ये (लहान फाइल देणारा फॉरमॅट) 16 केबीपीएसला, फोनच्या आवाजाला पुरते, ओपस 6000 घेत नाही म्हणून तिथे आधी 8000 ला रिसॅम्पल. एडीपीसीएममुळे काही फाइल्सची लाइन मधल्या शून्यापासून सरकलीये, तिथे फक्त कॉपीवर हायपास (अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावतो. मूळ व्हॉक्स फाइल्स अर्थातच जशाच्या तशा ठेवल्यात, उद्या याहून चांगला डिकोडर आला तर?

एक फोल्डर उरलाय, तो व्हॉक्स नाही. फाइलचे बाइट हेक्समध्ये पाहिले तर शांत जागी 08 किंवा 80 ऐवजी डी5 आणि 55 दिसतायत, म्हणजे ए-लॉ (फोनचा आवाज साठवायची दुसरी पद्धत, म्यू-लॉ तिसरी), सेकंदाला 8000 बाइट. म्यू-लॉ असता तर एफएफ दिसले असते. तो पुढच्या वेळी घेतो. व्हॉइसमेल लोकांचे खासगी आहेत, ते काकांकडेच परत जातील, शेअर फक्त प्रॉम्प्ट होतील, तेही त्या बाईंना विचारून. काका त्यांचा नंबर शोधतायत.