सकाळची की दुपारची?

लग्नाला नागपूरला येणारे, कामानिमित्त चंद्रपूरला उतरलेले, ओळखीचे आणि त्यांच्याही ओळखीचे, सगळे मला हेच विचारतात: "हातात एकच दिवस आहे. ताडोबाची एकच सफारी जमेल. सकाळची घेऊ की दुपारची?" प्रश्न वेळेचा वाटतो, पण त्याच्या पोटात दुसराच असतो: वाघ कधी दिसेल? मी आधी उलट विचारतो, महिना कुठला?

एप्रिल-मे असेल तर डोळे झाकून दुपारची घ्या. मला माहीत आहे, चंद्रपूरच्या उन्हात, पारा पंचेचाळिशीपार गेलेला असताना उघड्या जिप्सीत बसायचं हे वेडेपणाचं वाटतं. पण तेव्हा नाले आटलेले असतात आणि पाणी उरतं ते मोजक्या जागी. सागाची पानं गळून जंगल आरपार उघडं पडलेलं असतं. वाघाला ऊन सोसत नाही, तो पाण्यात जाऊन बसतो. उतरतोही बहुधा पाठमोरा, आधी शेपटी, मग मागचे पाय, आणि मानेपर्यंत बुडून डोळे मिटून घेतो. गाइड तुम्हाला अशा एखाद्या पाणवठ्यावर नेतो, ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि मग वाट बघायची. वारा आला तर भट्टीचं दार उघडल्यासारखा येतो. ओला दुपट्टा दहा मिनिटांत वाळतो. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे वेळ घालवायचं साधनही नसतं. काही माणसं पंधराव्या मिनिटाला "दुसरीकडे बघू या का?" म्हणतात. म्हणू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला मात्र पाणी जिकडेतिकडे असतं, गवत जिप्सीच्या बॉनेटएवढं वाढलेलं असतं आणि त्यात दहा फुटांवर बसलेला वाघसुद्धा दिसत नाही. तेव्हा सकाळची घ्या. हिवाळ्यातही सकाळचीच, फक्त कानटोपी आणि जाड शाल बरोबर ठेवा. जिप्सी सुरू झाली की डोळ्यांतून पाणी येतं.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण मला स्वतःला विचाराल तर मी बाराही महिने सकाळचीच घेईन. बाराही म्हणजे जितके महिने आत सोडतात तितके. गाभा क्षेत्र, म्हणजे आतलं मुख्य जंगल, जुलै ते सप्टेंबर बंदच असतं.

कारण रस्ता. रात्रभरात मातीच्या रस्त्यावरून कोण कोण गेलं ते पहाटे तिथे उमटलेलं असतं. अस्वलाचा मागचा पाय उघड्या पायांनी चाललेल्या माणसासारखा उमटतो, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दचकलो होतो. नर वाघाचा पंजा चौकोनात बसेल असा, मादीचा जरा लांबट. ठसा ताजा असेल तर त्याच्या कडा धारदार असतात, जुना असेल तर त्यावर चितळांचे खूर किंवा किड्याची एखादी रेघ सापडते. गाइड जिप्सीतून वाकून हे इतक्या सहज सांगतो की आपण आयुष्यभर नुसते चाललो, खाली पाहिलंच नाही असं वाटतं. पण हे सगळं पहिल्या दोन-चार गाड्यांपुरतंच. मागून येणाऱ्यांना फक्त टायरचे पट्टे. म्हणून सकाळची घ्यायची तर गेट उघडण्याच्या आधी रांगेत लागा. उशिरा पोचून सकाळची सफारी करण्यापेक्षा निवांत झोपून दुपारी गेलेलं परवडलं.

आणि कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागली की जनावरं देतात ती इशाऱ्याची हाक. चितळ उगाचही ओरडतं, कधी पाचोळा वाजला म्हणूनही. वानर उंचावरून बघून बोलतं, त्यामुळे त्याच्यावर जास्त भरवसा. सांबर सहसा खोटं बोलत नाही. एका मार्चमध्ये जामणीच्या कुरणाकडे असताना सांबराचा कॉल आला, तो ढाँक असा मोठा, पिंपावर काठी मारल्यासारखा. चार गाड्या धुरळा उडवत तिकडे गेल्या. आमच्या ड्रायव्हरनंही गिअर टाकला होता. गाइड म्हणाला, "थांबा जी. सांबर बोलून राहिलं, पण वानर चूप आहे. वाघ नसंल."

बरोबर एक कुटुंब होतं, पुण्याचं. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हा माणूस आपले पैसे बुडवतोय. थांबलो. बऱ्याच वेळानं गवतातून तांबूस पाठी दिसल्या, मग काळ्या झुपकेदार शेपट्या. रानकुत्रे. अकरा मोजले, बारावा नंतर आला. आपसात शीळ घातल्यासारखा आवाज करत ते डबक्यापाशी आले आणि दोघं सरळ पाण्यात जाऊन बसले. मागच्या सीटवरून एक छोटा आवाज आला, "बाबा, हे कुत्रेच आहेत ना?" गाइडला ते लागलं. कोण वाघाच्या वाटेला जात नाही पण हे जातात, त्याच्या तोंडची शिकार काढून घेतात, असं तो पुढची दहा मिनिटं त्या मुलाला सांगत होता. मुलगा ऐकत होता की नाही माहीत नाही. मी ऐकत होतो.

जामणी हे गाव होतं. गाभ्यातली काही गावं बाहेर वसवली, त्यातलं एक. आता तिथे गवत आहे आणि चितळं चरतात. त्या गाइडचं आजोळ तिथलं. परतताना त्यानं हात करून दाखवलं, तिथे मामाची विहीर होती. आवाजात काही नव्हतं, पाटी वाचून दाखवावी तसं सांगितलं. आता त्याचं घर बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात. मोहाची फुलं गळायला लागली की त्याची आई उजाडायच्या आत टोपली घेऊन निघते, चार बाया सोबत, मोठ्यानं बोलत, म्हणजे वाघ असेल तर बाजूला होईल. आपण सकाळची घेऊ की दुपारची यावर डोकं लावतो ते तो दिसावा म्हणून. हे ऐकल्यापासून वाघ न दिसलेल्या लोकांची कुरकुर मी जरा कमी सहानुभूतीनं ऐकतो.

राहिली माझी एक चूक, ती तुम्ही करू नका. बुकिंग ताडोबाचं नसतं, गेटचं असतं. राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, ११६ चौरस किलोमीटरचं. त्याला अंधारी अभयारण्य जोडलं की गाभा सव्वासहाशेच्या आसपास जातो, आणि गेटं त्याच्या चहूबाजूंना. मी मुक्काम मोहर्लीला केला आणि सफारी घेतली कोलाऱ्याची. नकाशावर दोन्ही ताडोबाच, मला वाटलं एका गेटातून दुसरं दिसत असेल. बाहेरून वळसा घालून कोलाऱ्याला पोचलो तेव्हा आमच्या वेळेच्या गाड्या परत यायला लागल्या होत्या. बायको काही बोलली नाही. ते जास्त वाईट होतं.

तेव्हा चंद्रपूरहून येत असाल तर मोहर्ली, नागपूरहून उमरेडमार्गे येत असाल तर कोलारा. ओळखपत्र बुकिंगला दिलं होतं तेच आणि मूळ. भडक कपडे नकोत.

आणि मंगळवारी येऊ नका, बंद असतं.